फुकटची तिकिटं आणि बदलते चेहरे

(जिल्हा कार्यकर्ता बैठकीतील भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत दोन प्रश्न राहून गेले होते. एक प्रश्न तरुण कार्यकर्त्यांकडून चिठ्ठीवर आला होता. अमेरिकेत म्हणे दोनदा निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाला तिसऱ्यांदा निवडून येता येत नाही. मग आपल्याकडे आमदार, खासदार, बँकेचे संचालक वीस-वीस वर्षं एकाच खुर्चीत बसतात, त्यांच्यासाठी असा कायदा आपण का मागत नाही? दुसरा प्रश्न बायांच्या बाजूने आला. कृषी केंद्रवाला औषधाच्या खोक्यामागे कुपन देतो, दहा कुपनांवर स्टीलचा डबा देतो. त्यात वाईट काय? तुम्ही लोक आमच्या डब्यावर का उठलात?

हे दोन प्रश्न दोन वेगळ्या शिवारातले वाटतात. पण या दोन्हींचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झालेला आहे. एकाचा शंभर वर्षं झाला, दुसऱ्याचा अजून चालू आहे. ज्याच्या रानात आधी पेरलं त्याला विचारून आपण बी घेतो ना? तसं आज अमेरिकेच्या रानात डोकावून येऊ. आधी डब्याचं बघू.

१८९६ साली स्पेरी आणि हचिन्सन या दोघांनी तिथे एक कंपनी काढली. ही कंपनी काही पिकवत नव्हती, काही विणत नव्हती. पोस्टाच्या तिकिटासारखी दिसणारी, मागे डिंक लावलेली हिरवी तिकिटं ती छापायची आणि दुकानदारांना विकायची. दुकानदार ती गिऱ्हाइकाला 'फुकट' द्यायचा. दहा सेंटच्या खरेदीवर एक तिकीट. बाई घरी जाऊन ती वहीत चिकटवायची. एका वहीत १,२०० तिकिटं. वह्या भरल्या की कंपनीच्या केंद्रावर जायचं आणि वस्तूंच्या सूचीत बघून दिवा, इस्त्री, पाव भाजायचं यंत्र, जे बसेल ते घेऊन यायचं. १९६० नंतरच्या दशकात हा व्यवहार इतका फुगला की, सरकारी पोस्टाच्या तिप्पट तिकिटं आम्ही छापतो, असं कंपनी सांगत असे. ईरी नावाच्या शहरात शाळकरी पोरांनी तिकिटं गोळा करून प्राणिसंग्रहालयासाठी गोरिलाची जोडी आणली होती.

आज तिथली म्हातारी माणसं या तिकिटांची आठवण काढून हळवी होतात. जीभ डिंकाने कोरडी पडते म्हणून ओला स्पंज घेऊन बसलेली आई, सूचीची पानं उलटणारी बहीण, आणि शेवटी घरात आलेला तो दिवा. आम्ही या आठवणींना हसणार नाही. पण आठवणीत हिशोब राहत नाही, तो आपण मांडू.

एक वही भरायला १२० डॉलरचा बाजार करावा लागे. दुकानदाराला तिकिटांपोटी विक्रीच्या साधारण शेकडा दोन मोजावे लागत. म्हणजे एका वहीमागे २ डॉलर ४० सेंट. मोठ्या किराणा दुकानाचा निव्वळ नफाच शेकडा एक-दीडच्या घरात असतो. मग हे शेकडा दोन आले कुठून? ज्या दुकानदाराने गावात पहिल्यांदा तिकिटं दिली त्याला परवडली, कारण शेजारच्या दुकानाचं गिऱ्हाईक त्याच्याकडे आलं. पण मग शेजाऱ्यानेही दुसऱ्या कंपनीची तिकिटं आणली. तिसऱ्यानेही आणली. गिऱ्हाईक पुन्हा जिथल्या तिथे गेलं आणि तिकिटांचा खर्च तेवढा सगळ्यांच्या मागे लागला. बोअरचं आपण काय केलं? एकाने दोनशे फूट नेलं म्हणून शेजाऱ्याने तीनशे नेलं. शेवटी सगळ्यांचं पाणी होतं तेवढंच राहिलं आणि कर्ज सगळ्यांच्या सातबारावर चढलं. तसाच तो खर्च तिथे मालाच्या भावावर चढला. ज्याने तिकिटं जमवली त्यानेही तो भरला, ज्याने तिकिटं रस्त्यात टाकून दिली त्यानेही भरला.

यात आणखी एक गंमत आहे, आणि ती कापूसवाल्यांना लगेच कळेल. दुकानदार तिकिटांचे पैसे कंपनीला आज देतो. बाई वही भरून वस्तू घ्यायला येते महिन्यांनी, कधी वर्षांनी. काही तिकिटं येतच नाहीत. कपाटात राहतात, हरवतात, म्हातारी मरते. तोवर तो सगळा पैसा कंपनीच्या हातात, बिनव्याजी. कॅलिफोर्नियात ब्लू चिप नावाची अशीच तिकिटांची कंपनी होती. वॉरेन बफे या प्रसिद्ध गुंतवणूकदाराने तिचे शेअर घेतले ते याच पैशाकडे बघून. १९७२ साली त्या कंपनीने सीज या नावाचा मिठाईचा धंदा २ कोटी ५० लाख डॉलरला विकत घेतला. बायांनी एक एक तिकीट चिकटवलं, आणि त्या मधल्या काळातल्या पैशावर दुसऱ्याचा धंदा उभा राहिला. आपल्याकडे एकाधिकार कापूस खरेदीच्या काळात ज्यांनी चुकाऱ्याच्या पुढच्या हप्त्याची वाट बघत लग्नाची तारीख पुढे ढकलली, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. उशिरा मिळालेल्या आपल्याच पैशाला आपण तेव्हा बोनस म्हणून हार घालत होतो.

आणि ती तिकिटं बाईच्या मालकीची तरी होती का? तीही नव्हती. तिकिटांवरचा हक्क कंपनीचाच, असं वहीवर छापलेलं असे. एका कंपनीची तिकिटं देऊन दुसरीची घ्यावी, असा अदलाबदलीचा धंदा काही लोकांनी सुरू केला, तेव्हा कंपनीने त्यांना कोर्टात खेचलं. ते भांडण १९७२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं.

या तिकिटांना पहिला मोठा धक्का कोणी दिला? बायांनीच दिला. ऑक्टोबर १९६६ मध्ये डेन्व्हर शहरातल्या गृहिणींनी महागाईविरुद्ध मोठ्या दुकानांवर बहिष्कार टाकला. दुकानांसमोर फलक घेऊन उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: तुमची तिकिटं आणि सोडतीचे खेळ बंद करा, भाव उतरवा. ते लोण इतर शहरांत गेलं. पुढे १९७३ च्या तेलटंचाईत पेट्रोल पंपांनी तिकिटं सोडली, कारण गिऱ्हाईकच रांगेत उभं असताना त्याला आमिष कशाला? इंग्लंडने १९६४ साली कायदा करून प्रत्येक तिकिटावर त्याची रोख किंमत छापायला लावली. तिथल्या टेस्को या मोठ्या दुकानसाखळीने १९७७ साली तिकिटं बंद करून तेवढे भाव उतरवले, आणि दुकानात गर्दी मावेना. म्हणजे आधी भाव आणि तिकीट यांच्यात निवड करायची संधीच गिऱ्हाइकाला कोणी दिली नव्हती.

आता बायांची बाजू. ती सोडून पुढे गेलो तर हिशोब अर्धा राहील. किराण्यातून वाचलेले दोन डॉलर नवऱ्याच्या खिशात गेले असते. वहीतली तिकिटं मात्र बाईची राहायची. ती दारूच्या दुकानात चालत नव्हती. त्यातून काय घ्यायचं ते ती ठरवायची. आज डेन्व्हरची आठवण कोणाला राहिली नाही आणि दिव्याची राहिली, त्याचं कारण आम्हाला हे दिसतं. ज्या घरात बाईच्या हाती रोकड येत नाही, त्या घरात डब्याची किंमत डब्यापेक्षा जास्त असते. आपल्याकडे बाई दिवसभर कापूस वेचते आणि घरच्या रानातल्या वेचणीची मजुरी तिच्या हातात कोणी ठेवत नाही. म्हणून मायबहिणींनो, आम्ही तुमच्या डब्यावर उठलेलो नाही. डबा आणा. पण कृषी केंद्रवाल्याला एकदा विचारून बघा, कुपन नको, त्याचे पैसे बिलात कापून देतोस का? तो काय उत्तर देतो त्यावरून डबा कोणाच्या पैशाचा ते कळेल. आणि एक गोष्ट कृषी पदवीधर म्हणून सांगतो. कुपनं दहा करायची म्हणून फवारा मारू नका. थोडाफार मावा असताना मारलेल्या फवाऱ्यात ढालकिडे आणि क्रायसोपा मरतात, म्हणजे मावा खाणारेच मरतात, आणि पुढचा फवारा आपोआप ठरतो. डबा तिथे महाग पडतो.

आता खुर्चीच्या प्रश्नाकडे येऊ. तिकिटाच्या बाबतीत आपण विचारलं, पैसा कुठून निघाला आणि कोणाच्या हातात फिरला. खुर्चीच्या बाबतीतही तेच विचारायचं. माणूस बदलला तेव्हा सत्ता कोणाच्या हातात गेली?

अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १७९७ साली दोन वेळा झाल्यावर आपणहून घरी गेला, शेतीवर परत गेला. सत्ता सोडून नांगर धरणारा शेतकरी म्हणून तिथे त्याचं कौतुक होतं. शेतीवर गेला हे खरं. नांगर कोण धरत होतं हेही सांगितलं पाहिजे. १७९९ साली त्याच्या शेतवाडीवर ३१७ गुलाम होते. ते असो. पण त्याने घातलेला पायंडा जवळजवळ दीडशे वर्षं टिकला, कायदा नसताना टिकला. तो मोडला फ्रँकलिन रुझवेल्टने. १९३२, १९३६, १९४०, १९४४, चार वेळा निवडून आला. कापूस शेतकऱ्यांना हे नाव माहीत असावं. १९३३ साली कापसाचे भाव पडले तेव्हा याच्याच सरकारने सुमारे १ कोटी एकरांवरची उभी पऱ्हाटी पैसे देऊन नांगरून टाकायला लावली. पैसे बहुतेक जमीनमालकांना मिळाले, बटईदार देशोधडीला लागले. १९४५ मध्ये रुझवेल्ट खुर्चीतच वारला. पुढच्या वर्षी विरोधी रिपब्लिकन पक्षाला संसदेत बहुमत मिळालं, आणि त्यांनी १९४७ साली दोन वेळांच्या मर्यादेची बाविसावी घटनादुरुस्ती मंजूर केली. राज्यांच्या संमतीने ती १९५१ पासून लागू झाली. मतदारांनी ज्या गोष्टीला चारदा होय म्हटलं होतं ती यापुढे मतदारांनाही करता येणार नाही, असा तो कायदा आहे. तरी आम्ही त्याच्या बाजूने आहोत. फौज, तिजोरी आणि नेमणुका एका माणसाच्या हातात असतात तेव्हा त्याला जाण्याची तारीख असावी. २०२५ साली ट्रम्प यांनी तिसऱ्या वेळेची भाषा सुरू केली तेव्हा ही तारीख कशाला हवी ते पुष्कळांना नव्याने कळलं.

पण चिठ्ठीवाल्यांचा प्रश्न आमदार-खासदारांचा आहे. तोही प्रयोग तिथे झाला. १९९० साली कॅलिफोर्निया, कोलोरॅडो आणि ओक्लाहोमा या तीन राज्यांनी आमदारांना मुदतीची मर्यादा घातली, आणि लाट आली. १९९५ पर्यंत २३ राज्यांनी आपल्या खासदारांनाही ती लावली. मे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की, खासदारांना अशी मर्यादा राज्यांना घालता येणार नाही, त्यासाठी घटना बदला. घटना बदलायला दोन तृतीयांश मतं लागतात. त्याच वर्षी मार्चमध्ये ठराव आला तेव्हा बाजूने २२७ पडली, तेवढी पुरेशी नव्हती. ज्यांनी मर्यादा आणू म्हणून मतं घेतली होती त्यांनाच बहुमत होतं, हे लक्षात घ्या. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागातल्या, गव्हाच्या पट्ट्यातल्या एका मतदारसंघाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. तिथले खासदार टॉम फोली लोकसभेचे अध्यक्ष होते आणि मुदतमर्यादेच्या विरोधात कोर्टात गेले होते. १९९४ मध्ये जॉर्ज नेदरकट यांनी त्यांना पाडलं. प्रचार हाच, की मी तीनच वेळा राहीन. २००० साली तीन वेळा पुऱ्या झाल्या आणि नेदरकट चौथ्यांदा उभे राहिले. निवडूनही आले.

राज्यांच्या आमदारांवरची मर्यादा मात्र टिकली. आज १६ राज्यांत ती आहे. त्यातून काय उगवलं? कॅलिफोर्नियाचा कायदा ज्यांच्यावर रोख धरून झाला ते विली ब्राऊन पंधरा वर्षं सभागृहाचे अध्यक्ष होते. ते तिथून निघाले आणि सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर झाले. त्यांच्या जागी आलेल्या नव्या माणसाला सहा वर्षं. पहिली दोन अंदाजपत्रक वाचायला शिकण्यात, शेवटची दोन पुढची खुर्ची शोधण्यात. मग विधेयकाचा मसुदा कोण लिहितं? ज्याला मुदत नाही तो. कंपन्यांचा दलाल, ज्याला तिथे लॉबीवाला म्हणतात, तो वीस वर्षं त्याच इमारतीत असतो. सचिव असतो. राज्यपालाचं कार्यालय असतं, आणि तिथला राज्यपाल म्हणजे आपला मुख्यमंत्रीच समजा. तिथल्या अभ्यासकांनीही पुढे हेच नोंदवलं, की आमदारांच्या हातून निसटलेलं वजन या लोकांकडे गेलं. २०१२ साली कॅलिफोर्नियाने आणि २०२२ साली मिशिगनने आपला नियम बदलून एकूण बारा वर्षं केली, ती सगळी एकाच सभागृहात काढायची मुभा ठेवून.

आपण फेरपालट का करतो? गुलाबी बोंडअळी कापसावरच जगते. पऱ्हाटी वेळेवर उपटली, पुढच्या वर्षी त्या रानात ज्वारी घेतली, तर तिची उपासमार होते. पण हिरवी बोंडअळी कापूस खाते, तूर खाते, हरभरा खाते, ज्वारीच्या कणसातही शिरते. तिच्यासमोर पिकं बदलून काय होणार? तुम्ही बदललेलं पीक तिला जेवणातला बदल वाटतो. खुर्चीला चिकटलेला माणूस ही गुलाबी अळी आहे, मुदतीने मरते. लॉबीवाला हिरव्या अळीच्या जातीचा आहे.

मेक्सिकोकडे बघितलं तर हे आणखी स्पष्ट होतं. पोर्फिरिओ दियाझ १८७६ साली 'फेरनिवडणूक नको' असं म्हणतच सत्तेवर आला आणि मधली चार वर्षं सोडली तर १९११ पर्यंत राहिला. त्याच्याविरुद्ध १९१० साली क्रांती झाली ती पुन्हा त्याच घोषणेवर. क्रांतीनंतरच्या नेत्यांनी घोषणा खरी केली. राष्ट्राध्यक्षाला एकच वेळ, सहा वर्षं. १९३३ पासून आमदार-खासदारांनाही लागोपाठ दुसऱ्यांदा बंदी. म्हणजे चिठ्ठीत मागितला आहे त्याहून कडक कायदा. आणि पक्ष किती वर्षं एकच राहिला? १९२९ ते २०००, एकाहत्तर वर्षं. मावळता राष्ट्राध्यक्ष आपल्या वारसाकडे बोट दाखवायचा. या प्रकाराला तिथल्या भाषेत 'देदासो' म्हणजे बोटाचा कारभार असंच नाव पडलं. खासदाराला मतदाराकडे परत जायचंच नव्हतं, मग तो मतदाराला कशाला भिणार? पुढची जागा पक्षाच्या वरिष्ठाकडून मिळायची, तो त्याला भ्यायचा. आणि १९३८ पासून शेतकऱ्यांचा राष्ट्रीय महासंघच पक्षाचं अंग होता. कर्जासाठी, खतासाठी, जमिनीच्या कागदासाठी त्याच दारात उभं राहायचं. चेहरे दर सहा वर्षांनी नवे, दार तेच.

आता आपल्या दाराशी येऊ. सरपंचपदाचं आरक्षण सोडतीने फिरतं, ही आपल्याकडची एक प्रकारची मुदतमर्यादाच आहे. त्यातून ज्या बाया, ज्या वस्त्यांतली माणसं कधी ओट्यावर चढली नसती ती खुर्चीत बसली, हे मोठं काम झालं. आणि पुष्कळ गावांत शिक्का बाईच्या नावाचा आणि सही नवऱ्याची, हेही आपण बघतो. जिल्हा बँकेचं घ्या. २०२० च्या दुरुस्तीने सहकारी बँकांच्या संचालकांना सलग आठ वर्षांची मर्यादा आली. २०२५ च्या कायद्याने ती दहा वर्षं केली. अध्यक्ष आणि पूर्णवेळ संचालक या कलमातून वगळलेले आहेत. आणि शब्द 'सलग' असा आहे. वडिलांची दहा भरली की मुलगा, सून, पुतण्या, गरज पडली तर घरचा मुनीम. आम्ही या मर्यादेच्या विरोधात नाही. तिजोरीवरच्या माणसाला तारीख हवी, हे आम्ही वर म्हटलंच. पण तेवढ्यावर जिल्हा बँक आपली झाली असं मानायला आम्ही तयार नाही.

कारण त्या खुर्चीचं दार मुदतीने बंद झालेलं नाही, थकबाकीने बंद झालेलं आहे. थकबाकीदाराला संचालकपदासाठी उभं राहता येत नाही. नियम ऐकायला सरळ वाटतो. पण कोरडवाहू कापूस-ज्वारीवाला लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला, भाव गेला, की थकबाकीत जातोच. तो नालायक म्हणून जात नाही, त्याच्या मालाला खर्चाइतका भाव मिळत नाही म्हणून जातो. मग उभं कोण राहतं? ज्याची थकबाकी नाही तो. थकबाकी कोणाची नसते? ज्याचं पोट शेतीवर नाही त्याची. खुर्चीतला माणूस दहा वर्षांनी बदला नाहीतर पाच वर्षांनी बदला, बदली येणारा त्याच छोट्या यादीतून येणार.

चिठ्ठी लिहिणाऱ्या पोरांना आमचं एवढंच सांगणं आहे, की मुदतीचा कायदा मागायचा असेल तर जरूर मागा, आम्ही सही करू. पण त्याआधी ती यादी बघू. दुपारच्या सत्रात प्रत्येक तालुक्याने आपल्या गावच्या सोसायटीच्या सभासदांची आणि थकबाकीदारांची यादी समोर ठेवावी. ज्यांना सचिवाने यादी दिली नाही त्यांनी तसं लिहून द्यावं, अर्जाची तारीख टाकून. मग मोजू, की हजार सभासदांच्या सोसायटीत आज निवडणुकीला उभं राहू शकतील अशी माणसं किती उरतात, आणि ती किती आडनावांची आहेत. जेवण तयार आहे. बायांनी आधी बसावं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना चारची एसटी धरायची आहे.